अब्बांची वही संगणकात अडकली तेव्हा



गेल्या महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावाहून एका बहिणीचे पत्र आले. तिच्या वडिलांचा हिवाळ्यात इंतकाल झाला. उमेदीची सगळी वर्षे त्यांनी कुवेतमध्ये हिशेबनीस म्हणून काढली आणि निवृत्तीनंतर गावी परतले. घरच्या संगणकावर ईमेल लिहिणे हा त्यांचा रोजचा फजरनंतरचा रिवाज. माणसे जोडण्याची हौस दांडगी. कुवेतचे सोबती, बहरीनमधले भाचे, केपटाऊनला स्थायिक झालेले चुलते, मुंबईचे व्यापारी, गावातला गवंडी, सगळ्यांचे नंबर आणि पत्ते त्यांनी त्या संगणकातल्या ईमेल प्रोग्राममध्ये नोंदवले होते. मोबाइलमध्ये मात्र घरातलीच दहा-बारा नावे.

बहीण लिहिते, “अम्मी इद्दतमध्ये आहेत. त्यांचा एकच धोशा आहे. अब्बांच्या ओळखीच्या प्रत्येकाला कळवा, कुणाचे काही देणे असेल तर सांगा म्हणावे, आपण फेडू. कर्ज डोक्यावर ठेवून माणूस जाऊ नये. पण ती नावे बाहेर काढायला गेले तर अर्धी येतच नाहीत, आणि येतात त्यांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे दिसतात. संगणकही आता मध्येच बंद पडतो. काय करू?”

संगणक आमच्यापर्यंत आणणे शक्य नव्हते, म्हणून एका रविवारी आम्ही फोनवर बसलो. ती संगणकासमोर, आम्ही इकडे कागद-पेन घेऊन. तीन तास लागले. त्यात एक चूक आमच्या हातूनही झाली, तीही पुढे सांगतो. हे सगळे सविस्तर लिहिण्याचे कारण असे, की विंडोज १० ला मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि त्या आधी, ३१ डिसेंबर २०२४ रोजी, विंडोजबरोबर येणाऱ्या जुन्या ‘मेल’ अॅपचाही आधार संपला. घरोघरी जुने संगणक बदलले जात आहेत, भंगारात निघत आहेत. त्यांच्याबरोबर बापाची, आजोबांची पत्त्यांची वही जाऊ नये.

आधी नक्कल, मग बाकीचे

संगणक मध्येच बंद पडतो म्हटल्यावर आम्ही पहिले काम नक्कल करण्याचे सांगितले. आउटलुकची जुनी, पूर्ण आवृत्ती असेल तर बहुतेक वेळा डॉक्युमेंट्समध्ये ‘आउटलुक फाइल्स’ नावाचा फोल्डर असतो आणि त्यात पीएसटी प्रकारची फाइल असते. पत्रे, पत्ते, सगळा ऐवज त्या एका फाइलीत. आउटलुक पूर्ण बंद करायचे आणि ती फाइल पेनड्राइव्हवर उतरवायची. आउटलुक उघडे राहिले तर फाइल वापरात आहे अशी तक्रार येते आणि नक्कल होत नाही.

थंडरबर्ड वापरणाऱ्यांनी ‘हेल्प’मधल्या ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’मध्ये जावे. तिथे ‘प्रोफाइल फोल्डर’ उघडण्याचे बटण आहे. थंडरबर्ड बंद करून तो अख्खा फोल्डर उतरवून घ्यावा. एवढे झाले की पुढे हात चुकला तरी मूळ ऐवज शाबूत राहतो.

मोजदाद केल्याशिवाय पुढे जाऊ नका

आता प्रत्यक्ष काम. आउटलुकमध्ये रस्ता असा: ‘फाइल’, मग ‘ओपन अँड एक्स्पोर्ट’, मग ‘इम्पोर्ट/एक्स्पोर्ट’. पुढे ‘एक्स्पोर्ट टू अ फाइल’, त्यानंतर ‘कॉमा सेपरेटेड व्हॅल्यूज’, म्हणजे सीएसव्ही. मग कोणता फोल्डर हवा ते विचारले जाते. तिथे ‘कॉन्टॅक्ट्स’ निवडायचे, फाइलला नाव द्यायचे, जागा दाखवायची आणि ‘फिनिश’.

नवीन आउटलुकमध्ये हा रस्ता नाही. तिथे डावीकडच्या ‘पीपल’ या चित्रावर जाऊन ‘मॅनेज कॉन्टॅक्ट्स’मधून एक्स्पोर्ट करायचे असते. जुन्या मेनूच्या शोधात तास घालवू नये.

बहिणीने एक्स्पोर्ट केले. फाइलमध्ये १४८ नावे आली. ती म्हणाली, “अब्बा तर चारशेच्या वर लोक आहेत म्हणायचे.” आम्ही तिला डावीकडची फोल्डरांची यादी नीट पाहायला सांगितली. तिथे ‘कॉन्टॅक्ट्स’ दोनदा होते. एकाच्या पुढे ‘धिस कॉम्प्युटर ओन्ली’ असे कंसात लिहिलेले. प्रोग्राममध्ये एकाहून जास्त ईमेल खाती जोडली की असे होते. प्रत्येक खात्याची वही वेगळी, आणि एक्स्पोर्ट करताना एका वेळी एकच निवडता येते. दुसऱ्या वहीत २६४ नावे निघाली. एकूण ४१२. अब्बांचा हिशेब बरोबर होता.

म्हणून नियम असा करावा. एक्स्पोर्टच्या आधी प्रत्येक फोल्डर उघडून खाली डाव्या कोपऱ्यात ‘आयटम्स’पुढचा आकडा कागदावर लिहायचा. एक्स्पोर्टनंतर फाइलमधल्या ओळी मोजायच्या, मथळ्याची पहिली ओळ सोडून. आकडे जुळले तर ठीक. फाइल अगदीच रिकामी आली, तर नव्वद टक्के वेळा चुकीचा, रिकामा फोल्डर निवडलेला असतो असे आमच्या अनुभवाला आले आहे.

थंडरबर्डमध्येही वह्या दोन असतात. एक ‘पर्सनल अॅड्रेस बुक’, दुसरी ‘कलेक्टेड अॅड्रेसेस’. ज्यांना तुम्ही पत्र पाठवता पण ज्यांची नोंद करत नाही, त्यांचे पत्ते दुसऱ्या वहीत आपोआप जमा होतात. दोन्ही वेगवेगळ्या एक्स्पोर्ट कराव्या लागतात.

फाइल सेव्हच होत नसेल तर दोन गोष्टी पाहाव्यात. एक, त्याच नावाची फाइल एक्सेलमध्ये उघडी आहे का? असेल तर बंद करा. दोन, फाइल थेट सी ड्राइव्हवर ठेवत आहात का? विंडोज तिथे मज्जाव करते. डेस्कटॉप किंवा डॉक्युमेंट्स निवडा.

प्रश्नचिन्हे आणि अगम्य अक्षरे, दोन वेगळे आजार

आता मुख्य दुखणे. अब्बांनी ऑफिसच्या मंडळींची नावे इंग्रजीत लिहिली होती, गावकऱ्यांची मराठीत आणि काही दोस्तांची उर्दूत. इंग्रजी नावे सुखरूप आली. मराठी आणि उर्दू नावांच्या जागी प्रश्नचिन्हांच्या रांगा.

यामागचे कारण समजून घेतले की इलाज सापडतो. आउटलुकची जुनी आवृत्ती सीएसव्ही फाइल लिहिताना विंडोजची जुनी अक्षरसूची वापरते. आपल्याकडच्या बहुतेक संगणकांवर ती इंग्रजी आणि युरोपी अक्षरांपुरतीच असते. त्या सूचीत ‘अ’ही नाही आणि ‘अलिफ’ही नाही. जे अक्षर सूचीत नाही त्याच्या जागी प्रश्नचिन्ह लिहिले जाते. म्हणजे त्या फाइलमध्ये नाव उरलेलेच नसते. कितीही फॉन्ट बदला, प्रश्नचिन्हाचे नाव परत होत नाही. पण मूळ प्रोग्राममध्ये नाव तसेच असते. म्हणून ती फाइल टाकून द्यायची आणि एक्स्पोर्ट पुन्हा करायचे. चुकूनही ती फाइल परत प्रोग्राममध्ये भरू नये.

पुन्हा करण्याआधी विंडोजला जगभरच्या लिप्यांची सूची वापरायला सांगायचे. ‘कंट्रोल पॅनेल’मध्ये ‘रीजन’, त्यात ‘अॅडमिनिस्ट्रेटिव्ह’, त्यात ‘चेंज सिस्टिम लोकेल’. तिथे यूटीएफ-८ वापरण्याविषयीचा, सुरुवातीला ‘बीटा’ असे लिहिलेला चौकोन आहे. त्यात खूण करून संगणक बंद-चालू करायचा आणि मग एक्स्पोर्ट. बहिणीने हे केले आणि फोनवरून पहिले नाव मोठ्याने वाचले. मग थोडा वेळ काही बोललीच नाही. ते तिच्या मरहूम आजीचे नाव होते. अब्बांनी ते पुसले नव्हते.

काम झाल्यावर ती खूण काढून टाकायला विसरू नये. मराठी टायपिंगचे काही जुने प्रोग्राम त्या खुणेमुळे बिघडतात.

थोडीच नावे असतील तर दुसरा मार्गही आहे. आउटलुकच्या ‘ऑप्शन्स’मध्ये ‘अॅडव्हान्स्ड’ भागात खाली आंतरराष्ट्रीय पर्याय आहेत. तिथे बाहेर जाणाऱ्या व्ही-कार्डची अक्षरसूची यूटीएफ-८ करावी आणि एकेक नाव व्ही-कार्ड म्हणून सेव्ह करावे. दहा-वीस नावांना ठीक, चारशेंना नाही. थंडरबर्डवाल्यांना हा त्रास कमी. तिथे एक्स्पोर्ट करताना फाइलच्या प्रकारातच यूटीएफ-८ असे लिहिलेली सीएसव्ही मिळते, तीच निवडावी. त्याच यादीत एलडीआयएफ नावाचा प्रकारही आहे. तो निवडला गेला तर गूगल ती फाइल घेत नाही आणि लोक फाइल बिघडली समजतात.

दुसरा आजार वेगळा आहे. फाइल उघडल्यावर प्रश्नचिन्हांऐवजी डोक्यावर रेघा-टिंबे असलेली विचित्र रोमन अक्षरे दिसतात. घाबरू नये. इथे नाव शाबूत आहे, फक्त एक्सेलने ते चुकीच्या सूचीने वाचले आहे. फाइलवर दोनदा टिचकी मारून उघडली की असे होते. कोरे एक्सेल उघडा, ‘डेटा’मध्ये जाऊन ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ने फाइल आणा आणि ‘फाइल ओरिजिन’मध्ये ६५००१ क्रमांकाचे यूटीएफ-८ निवडा. नावे जागच्या जागी येतील.

थोडक्यात, प्रश्नचिन्ह दिसले तर पुन्हा एक्स्पोर्ट, विचित्र अक्षरे दिसली तर पुन्हा उघडणे. खात्री करायची असेल तर फाइल नोटपॅडमध्ये उघडा. विंडोज १० च्या अलीकडच्या आवृत्त्यांत आणि ११ मध्ये खाली उजव्या कोपऱ्यात सूचीचे नाव दिसते. यूटीएफ-८ दिसले आणि नावेही नीट वाचता आली तर निश्चिंत.

तिसरीही एक शक्यता आहे. वीस वर्षांपूर्वी एखाद्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये नावे टाइप केलेली असतील, तर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर निव्वळ इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. त्याला एक्स्पोर्टचा दोष नाही. ती नावे युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागतात, नाहीतर बसून पुन्हा टाइप करावी लागतात.

आमची चूक

नावे आली या आनंदात आम्ही बहिणीला सांगितले, “एक्सेलमध्ये उघडून एकदा नजर टाक.” तिने टाकली. बंद करताना एक्सेलने विचारले, सेव्ह करू का? आम्ही म्हटले, “कर.” आणि नंबर गेले.

झाले असे. एक्सेलला फोन नंबर म्हणजे हिशेबातला आकडा वाटतो. आकड्याच्या पुढचे शून्य त्याच्या लेखी निरर्थक, म्हणून रत्नागिरीच्या ०२३५२ चे २३५२ झाले. अब्बा कुवेतचे नंबर ००९६५ ने सुरू करत, त्यातली दोन्ही शून्ये उडाली. ९१ लावून सलग लिहिलेले बारा आकडी मोबाइल नंबर तर ९.१९ई+११ असे दिसू लागले. नुसते दिसण्यापुरते असते तर रकाना रुंद करून, आकड्याचा प्रकार बदलून भागले असते. पण सीएसव्ही म्हणून सेव्ह केले की जे दिसते तेच लिहिले जाते, मागचे आकडे कायमचे जातात. सुदैवाने मूळ वही प्रोग्राममध्ये होती. तिसऱ्यांदा एक्स्पोर्ट केले आणि त्या माउलीने एका शब्दाने बोल लावला नाही.

म्हणून सीएसव्ही फाइल पाहायची ती नोटपॅडमध्ये. दुरुस्ती करायचीच असेल तर वर सांगितलेल्या ‘डेटा’च्या मार्गाने आणावी आणि फोन नंबरांचे सगळे रकाने आधी ‘टेक्स्ट’ करावेत. पहिल्या ओळीतले मथळे बदलू नयेत, कारण कोणता रकाना नावाचा आणि कोणता नंबराचा हे पुढे त्यांच्यावरूनच ओळखले जाते.

जे वहीत नसतातच

४१२ नावे नीट उतरली. अम्मींनी यादी ऐकली आणि विचारले, “केपटाऊनचे धाकटे चचा कुठे आहेत?” अब्बा ज्यांना दर जुम्याला पत्र लिहीत, त्यांचेच नाव नव्हते.

अब्बांनी त्यांची नोंद कधी केलीच नव्हती. पत्ता लिहिण्याच्या जागी पहिली दोन अक्षरे टाइप केली की आउटलुक आधी पाठवलेले पत्ते स्वतःच सुचवते. रोज ज्याला लिहायचे त्याला वहीत कोण घालतो? ही सुचवलेली नावे कॉन्टॅक्ट्समध्ये नसतात आणि एक्स्पोर्टमध्ये येत नाहीत. त्यासाठी ‘सेंट आयटम्स’ उघडून पाठवलेली पत्रे चाळावी लागतात. पत्त्यावर उजवी टिचकी मारून ‘अॅड टू आउटलुक कॉन्टॅक्ट्स’ करायचे. बहीण आणि तिचा भाऊ त्या रात्री बसले. आणखी १९ नावे निघाली, सगळी घरचीच म्हणावीत अशी.

गटांचेही असेच. अब्बांनी गावच्या जमातीतल्या लोकांचा एक गट केला होता. सीएसव्हीमध्ये असे गट उतरत नाहीत. गट उघडून ‘सेव्ह अॅज’मध्ये ‘टेक्स्ट’ निवडले की सभासदांची नावे आणि ईमेल साध्या फाइलीत मिळतात. फोटोही सीएसव्हीमध्ये येत नाहीत, ते वेगळे जपावे. आणि नोकरीच्या ठिकाणची सामायिक यादी प्रोग्राममध्ये दिसत असली तरी ती कार्यालयाची असते. या मार्गाने ती बाहेर निघत नाही, आणि काढूही नये.

मोबाइलमध्ये भरताना

गूगल कॉन्टॅक्ट्स संगणकावर उघडून ‘इम्पोर्ट’ करायचे. सीएसव्ही आणि व्ही-कार्ड दोन्ही चालतात. एका वेळी ३,००० नावांची मर्यादा आहे, म्हणजे कुठल्याही घराला पुरेशी. आधी पाच-सहा नावांची लहान फाइल करून भरून पाहावी. नाव नावाच्या जागी आणि नंबर नंबराच्या जागी गेला तर मग सगळी फाइल. काही गडबड झालीच, तर गूगलमध्ये ‘अनडू चेंजेस’ आहे, ३० दिवसांपर्यंत मागची स्थिती परत आणता येते. आयफोनवाल्यांनी आयक्लाउडच्या मार्गाने जायचे तर व्ही-कार्डच वापरावे. आउटलुकमध्ये उलट भरणा करताना एक ध्यानात असू द्या: शंभर नावांचे एकच व्ही-कार्ड दिले तर जुने आउटलुक त्यातले पहिलेच नाव घेते.

शेवटची गोष्ट, आणि ती हलकी समजू नये. सीएसव्ही म्हणजे उघडा कागद. त्याला कुलूप नाही. त्यात घरातल्या मुली-सुनांचे नंबर असतात, लोकांचे पत्ते, जन्मतारखा असतात. लोकांनी विश्वासाने दिलेली ती अमानत आहे. ती फाइल सायबर कॅफेच्या संगणकावर सोडू नये, ‘फाइल बदलून देतो’ म्हणणाऱ्या अनोळखी संकेतस्थळावर चढवू नये, कौटुंबिक ग्रुपवर तर मुळीच टाकू नये. काम झाले की डाउनलोड्समधून पुसा, रिसायकल बिनही रिकामा करा. एक प्रत पेनड्राइव्हवर, घरच्या कागदपत्रांच्या पेटीत. संगणक भंगारात देण्याआधी हे सगळे झाले आहे याची खातरजमा करा.

आणि वडीलधारे हयात असतील तर त्याहून चांगला मार्ग आहे. या आठवड्यात त्यांच्या शेजारी बसा. एकेक नाव वाचा आणि विचारा, हे कोण? चारशे नावांमागच्या चारशे हकिकती कुठल्याही फाइलमध्ये एक्स्पोर्ट होत नाहीत.

हे लिहीत असताना बहिणीचा फोन आला. सगळ्यांना निरोप गेले. गावातल्या एका दुकानदाराने सांगितले की सिमेंटच्या दोन गोण्यांचे पैसे राहिले होते, तो मागणार नव्हता. भावाने त्याच दिवशी दिले. आणि कुवेतच्या एका जुन्या सोबत्याने लिहिले, की कधीकाळी अब्बांकडून घेतलेले पैसे त्याच्याकडेच आहेत, कुणाला पाठवू? अब्बांनी ते घरात कुणाला सांगितलेही नव्हते. अम्मींना आता झोप लागते म्हणाली.